माळढोक दिसत नाही म्हणून माळ मोकळा?

सोलापुरात माळढोकावरचा वाद ठरावीक काळाने पुन्हा उकरून निघतो. निमित्त बदलतं. कधी बोरामणीच्या नियोजित विमानतळाच्या जागेत आलेली वनजमीन, कधी अडलेला रस्ता, कधी परवानगीत अडकलेलं बांधकाम. दोन्ही बाजूंचे संवाद मात्र आता सगळ्यांना पाठ झाले आहेत. एक बाजू विचारते, पक्षीच राहिला नाही तर अभयारण्य कोणासाठी? दुसरी बाजू सोलापूरजवळच्या नान्नजच्या, म्हणजे माळढोक अभयारण्याच्या, माळावर काढलेला जुना फोटो पुढे करते आणि सांगते, जरा थांबा, माळढोक परत येईल. एकमेकांच्या नावाने खडे फोडणारे हे दोन्ही गट हिशेब मात्र एकाच आकड्यावर मांडतात: गेल्या मोजणीत किती दिसले? शून्य आलं की पहिल्यांना उकळ्या फुटतात आणि दुसरे गप्प होतात. एक दिसला की उलट.

माझ्या मते हा आकडा या वादात मध्यभागी आणायलाच नको होता. नान्नज आणि आसपासच्या सरकारी माळांना, म्हणजे गवताच्या आणि खुरट्या काटेरी झाडोऱ्याच्या जमिनींना, आज आहे त्याहून कडक संरक्षण हवं, आणि तिथे माळढोक एकही नसला तरी हवं. त्याच वेळी माळढोकाच्या नावावर खासगी शेतजमिनींवर बसवलेली बंधनं जेवढी उठवता येतील तेवढी उठवावीत. या दोन मागण्या एकमेकींच्या विरोधात आहेत असं सगळे धरून चालतात. मला तसं वाटत नाही.

आधी विरोधकांचं जे खरं आहे ते मान्य करू, कारण ते बरंच आहे. 1979 साली हे अभयारण्य जाहीर झालं तेव्हा त्याचं क्षेत्र होतं जवळजवळ 8,500 चौरस किलोमीटर. सोलापूर आणि अहमदनगर या दोन जिल्ह्यांतले तालुकेच्या तालुके त्यात आले. गावं आली, बाजारपेठा आल्या, उसाचे फड आले. ही हद्द माळ फिरून आखली असेल असं मानणं अवघड आहे. त्याची किंमत कोणी मोजली? मुंबई-पुण्यात बसून माळढोकासाठी हळहळणाऱ्यांनी नाही. ती मोजली उत्तर सोलापूर, मोहोळ, माढा, करमाळ्याच्या शेतकऱ्याने, ज्याला घर बांधायचं, जमीन विकायची, तर आधी वन खात्याचा ना-हरकत दाखला आणा असं ऐकवलं गेलं. पुढे 2012 च्या सुमारास हे क्षेत्र 1,222 चौरस किलोमीटरवर आलं. ही कपात योग्यच होती. उशिरा झाली एवढंच. उरलेल्या हद्दीतही सगळा माळ नाही, शेतं आणि वस्त्या आहेतच. तीस-बत्तीस वर्षं ज्याच्यामुळे सातबारा अडकला त्या पक्ष्याबद्दल शेतकऱ्याने प्रेमाने बोलावं, ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

पक्षी राहिला नाही, हेही जवळपास खरं आहे. माळढोक 2011 पासून संकटातल्या जीवजातींच्या जागतिक यादीत अतिसंकटग्रस्त आहे. देशभरात मिळून दीडशेच्या आतच असावेत, आणि त्यातले बहुतेक जैसलमेरच्या बाजूला. महाराष्ट्रात, कर्नाटकात, आंध्रात उरले ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. राजस्थानात सम आणि रामदेवरा इथल्या केंद्रांत अंडी उबवून पिल्लं वाढवण्याचं काम 2019 पासून सुरू आहे आणि त्याला यशही येतंय. 2024 साली कृत्रिम रेतनातून पिल्लू जन्मलं. पण मादी बहुधा एका विणीत एकच अंडं घालते आणि पिल्लू वयात यायला वर्षं जातात. तिथले पक्षी सोलापूरच्या माळावर सोडण्याइतके कधी होतील हे आज कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्याच्यापासून चार हात लांब राहावं. थोडक्यात, ‘थांबा, परत येईल’ हा युक्तिवाद लंगडा आहे. मी त्याच्यावर उभा नाही.

मग कशावर उभा आहे? त्यासाठी थोडं आंध्रात जावं लागेल. जेर्डनचा धाविक नावाचा एक पक्षी आहे. आपल्या माळावर तुरुतुरु पळणारा, मध्येच थबकून मान ताठ करणारा जो साधा धाविक दिसतो, त्याचाच हा दुर्मीळ, निशाचर भाऊबंद. थॉमस जेर्डन या डॉक्टरला तो मिळाला आणि 1848 साली एडवर्ड ब्लाइथने त्याची शास्त्रीय नोंद केली. एकोणिसाव्या शतकात तो पेन्नार आणि गोदावरीच्या खोऱ्यांतून नोंदला गेला. त्यात आपल्या गडचिरोलीतलं सिरोंचाही होतं. 1900 नंतर तो कोणाला दिसलाच नाही. पुढची पंचाऐंशी वर्षं पुस्तकांत तो जवळपास नामशेष म्हणून पडून होता. 1986 च्या जानेवारीत कडप्पा जिल्ह्यात, लंकामलाईच्या पायथ्याच्या काटेरी खुरट्या रानात, मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या भारत भूषण यांच्या शोधमोहिमेत तो सापडला. प्रत्यक्ष धरला तो गावातल्याच एका पक्षी पकडणाऱ्याने, रात्री, टॉर्चच्या उजेडात. विद्वानांच्या लेखी पंचाऐंशी वर्षं नसलेला पक्षी! बॅटरी घेऊन रात्री रानात जाणारे लोक तिथे आधीपासून होते, त्यांना विचारायला कोणी गेलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट याच पक्ष्याची. स्कॉटलंडमधल्या अबर्डीन विद्यापीठाच्या संग्रहात 2013 मध्ये एका जुन्या अंड्याची ओळख पटली. ते याच धाविकाचं निघालं आणि ते गोळा केलेलं होतं 1917 साली, कर्नाटकातल्या कोलारच्या परिसरातून. म्हणजे 1900 ही ‘शेवटची नोंद’ सगळे डोळे झाकून देत होते, तेव्हा सतरा वर्षांनंतरचा आणि निराळ्याच भागातला पुरावा कपाटात पडून होता. पक्ष्याचा वावर कुठून कुठे, हे दाखवणारे नकाशे आपण सर्व्हे नंबरच्या मोजणीसारखे पक्के मानतो. प्रत्यक्षात ते नकाशे बहुतेक वेळा माणूस कुठे फिरला याचेच असतात.

हे परक्या प्रांतातलं वाटत असेल तर घरचं उदाहरण घ्या. रानपिंगळा, एक छोटं घुबड. 1884 नंतर त्याचा खरा नमुना मिळाला नव्हता. मधल्या काळात रिचर्ड माइनर्ट्झहागेन या नामांकित इंग्रज संग्राहकाने 1914 साली गुजरातेत तो मिळवल्याचा दावा केला होता आणि नाव मोठं म्हणून सगळ्यांनी तो मानला. पामेला रासमुसेन या अमेरिकी पक्षीतज्ज्ञांनी तो नमुना तपासला आणि चोरीचा माल उघडा पडला: दुसऱ्याच्या संग्रहातला जुना पक्षी, नव्या चिठ्ठीसह. ही खोटी नोंद बाजूला काढून जुन्या खऱ्या जागांचा माग घेतला तेव्हा 1997 च्या नोव्हेंबरमध्ये रानपिंगळा आपल्या शहाद्याजवळ सापडला. पुढे मेळघाटात, आणि नंतर मुंबईच्या उंबरठ्यावर, तानसाच्या जंगलातही मिळाला. शोधणारे वाढले तसा त्याचा मुलूख वाढत गेला, आणि 2018 मध्ये त्याचा दर्जा अतिसंकटग्रस्तवरून एक पायरी खाली, संकटग्रस्त असा आणावा लागला.

इथे एक हुशार वाचक हात वर करेल. जेर्डनचा धाविक रात्री फिरणारा, रानपिंगळा मूठभर; ते लपले, ठीक. माळढोक एक मीटर उंच, नर पंधरा किलोपर्यंत भरतो. तो काय कुसळात लपून बसलाय? बरोबर आहे. तो लपलेला नाही आणि मला तसं सुचवायचंही नाही. माझा मुद्दा त्या पंचाऐंशी वर्षांत रानाचं काय झालं याबद्दलचा आहे. पक्षी नामशेष समजून लंकामलाईचं ते खुरटं रान कोणी लिंबाच्या बागांना, कोणी खाणीला देऊन टाकलं असतं तर 1986 साली सापडायला काय उरलं असतं? ते वाचलं ते कोणाच्या शहाणपणामुळे नव्हे, त्याच्याकडे लक्ष गेलं नाही म्हणून. आणि लक्ष गेल्यावर लगेच वाद सुरू झालाच: तेलुगू-गंगा कालवा त्याच रानातून जात होता, त्याची वाट बदलावी लागली. पक्षी तरीही पुढे दीड दशकाहून जास्त काळ पुन्हा गायब झाला. ‘आता तरी संपला’ असं म्हणणारे तेव्हाही होते. 2025 च्या ऑगस्टमध्ये आंध्रात त्याचा आवाज पुन्हा नोंदला गेला. दर वेळी ‘दिसत नाही’ला ‘संपला’ समजून जमीन वाटून टाकायची पद्धत असती, तर हा पक्षी दोनदा गेला असता.

माळढोकाच्या बाबतीत हा धडा आणखी कडक लागू होतो, कारण तो एका कुंपणात राहणारा पक्षी नव्हेच. पावसाबरोबर, नाकतोड्यांबरोबर, हरभऱ्या-भुईमुगाच्या रानाबरोबर तो हिंडतो. विणीला मात्र ओळखीचा, निवांत, मोकळा माळ लागतो. नान्नजचं महत्त्व होतं ते याच कारणाने. बहात्तरच्या दुष्काळानंतर अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमातून गवताचे काही तुकडे चराईपासून राखले गेले, आणि त्याच तुकड्यांवर माळढोक नाचला. त्याच सुमारास सोलापूरच्या बी. एस. कुलकर्णींनी त्याच्याकडे लक्ष वेधलं. उजनीचं पाणी आलं, ऊस आला, विहिरी खोल गेल्या, विजेच्या तारा आल्या. तुकडे राहिले पण त्यांच्यामधली जाग्याजाग्याची पडीक रानं, ज्वारी-करडईची शेतं संपली. समोरची तार दिसायला माळढोक कच्चा असतो, वजनामुळे ऐन वेळी वळता येत नाही. राजस्थानात तो तारांनीच मोठ्या संख्येने मरतो आणि त्यावरून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. म्हणजे नान्नजच्या माळाने माळढोक घालवला असं म्हणता येत नाही. भोवतालचं गेलं आणि माळ एकटा पडला. आता त्या एकट्या पडलेल्या तुकड्यालाच शिक्षा?

आणि माळावर दुसरं कोणी राहतच नाही का? ऑक्टोबरात नान्नजकडे गेलात तर पाचच मिनिटांत कुसळं पँटच्या पायांतून आत घुसतात आणि मोज्यात रुततात; बसून एकेक उपसावी लागतात. बसलात की मग दिसायला लागतं. दोन तरवडांच्या मधे जमिनीला चिकटून बसलेली पखुर्ड्यांची जोडी, जी पाय पडेपर्यंत हलत नाही. उभं वर चढत जाणारा चंडोल. थंडी सुरू होता होता हजारो किलोमीटरवरून आलेले भोवत्ये नावाचे शिकारी पक्षी, संध्याकाळी गवतात रात्रीला उतरणारे. विणीच्या दिवसांत उघड्या मुरमावर धाविकाची अंडी, खड्यांच्या रंगाची, खाली काडीसुद्धा नाही. खोकडाची बिळं. काळविटांचे कळप, आणि त्यांच्यामागे लांडगा, जो वाघाइतकाच कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे पण ज्याच्या नावाने एकही पर्यटक इथे येत नाही. माळढोकाचा छोटा भाऊबंद तणमोरही आता अतिसंकटग्रस्त झालाय, आणि त्यालाही याच जातीचं गवत लागतं. या सगळ्यांची गरज एकच: मोकळं, कोरडं, झाडांनी न झाकलेलं रान. माळढोक गेला म्हणून यांचा पत्ता कट करायचा, हा कुठला न्याय?

खरं दुखणं वेगळं आहे. आपल्या प्रशासनाला आणि आपल्यालाही माळ म्हणजे काहीतरी अपुरं वाटतं. इंग्रजांच्या महसुली हिशेबात ज्या जमिनीतून सारा येत नाही ती पड, आणि ज्या जमिनीवर सागवान नाही ते जंगल कसलं? कारभार बदलला, शिक्का तोच राहिला. म्हणून वन खातं स्वतःच माळावर झाडं लावत सुटलं. गिरीपुष्प, सुबाभूळ, जे भराभर वाढेल ते. नान्नजच्या परिसरातही गिरीपुष्पाच्या रांगा उभ्या राहिल्या, आणि जिथे सावली दाट झाली तिथून गवत आणि गवतावरचे पक्षी दोन्ही हटले. 2016 ते 2019 या वर्षांत राज्यभर कोट्यवधी वृक्षलागवडीची मोहीम निघाली. 2019 चं एका वर्षाचं लक्ष्य 33 कोटी होतं. खड्डे कुठे काढायचे? जिथे मोकळी सरकारी जागा दिसेल तिथे. सोलापूरला पाऊस पडतो जेमतेम साडेपाचशे मिलिमीटर. इथल्या निसर्गाने हजारो वर्षं हिशेब करून ठरवलं की इथे पवन्या, मारवेल आणि मधूनमधून हिवर-बोर; आणि आपण शाळेच्या पोरांच्या हातात रोपं देऊन तो हिशेब चुकीचा ठरवायला निघालो. हे काम पर्यावरणाच्या नावाने होतं म्हणून त्याला कोणी विरोधही करत नाही. विमानतळापेक्षा मला याची जास्त भीती वाटते.

एकाच पक्ष्याच्या नावावर सगळं उभं केलं की काय होतं याचे नमुने देशात तयार आहेत. मध्य प्रदेशात शिवपुरी जिल्ह्यात करेरा इथे 1981 मध्ये माळढोकासाठी अभयारण्य झालं. त्यात खासगी जमिनी आल्या, विकता येईनात, लोक पेटले. नव्वदच्या दशकात माळढोक तिथून संपला आणि शेवटी अभयारण्यच मोडीत काढण्याची वेळ आली. कर्नाटकातल्या राणीबेन्नूरला काळवीट आणि माळढोक दोघांसाठी क्षेत्र राखलं, पण आत नीलगिरीची लागवड झाली. काळवीट टिकला, माळढोक गेला. पहिल्या ठिकाणी लोक विरोधात गेले, दुसऱ्या ठिकाणी माळ झाडांनी खाल्ला. सोलापुरात दोन्ही चुका एकदमच चालू आहेत. पक्षीप्रेमींना हे ऐकायला आवडत नाही, पण करेराच्या लोकांचा राग समजून न घेता नान्नज वाचवता येणार नाही.

‘विकासाचं काय?’ हा प्रश्न टाळणार नाही. ज्या नान्नजचं नाव माळढोकामुळे देशभर गेलं त्याच नान्नजचं नाव द्राक्षांमुळेही गेलं. ‘सोनाका’ ही जात तिथल्याच नानासाहेब काळ्यांच्या बागेतली. एका गावात जागतिक दर्जाचं द्राक्ष आणि जागतिक यादीतला पक्षी एका काळी सोबत नांदले, कारण दोघांची जमीन वेगळी होती: काळी रानं बागांना, मुरमाड माळ पक्ष्यांना. आज ज्या जमिनींवर डोळा आहे त्या बहुतांशी या दुसऱ्या प्रकारच्या. सौर प्रकल्पांना सपाट सरकारी जागा लागते, ती गायरानात मिळते. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी ही गरज खरी आहे, तिला मी नाक मुरडणार नाही. पण पत्र्याची छपरं, गोदामं, चाळीच्या चाळी पोल्ट्री शेड्स जिल्ह्यात असताना पॅनेलला पहिली जागा लांडग्याच्या बिळावरच का सुचते? बोरामणीचंही तसंच. त्या वनजमिनीचा निर्णय ‘तिथे माळढोक दिसतो का’ या प्रश्नावर घेऊ नये. आज तिथे काय राहतं आणि ती पट्टी शेजारच्या माळांना जोडते की नाही, यावर घ्यावा. जोडत नसेल, तिथे आधीच बाभळीचं दाट बन झालं असेल, तर तिच्यासाठी अडून बसणाऱ्यांत मी नसेन.

या सगळ्या चर्चेत ज्यांना कधी विचारलं जात नाही ते म्हणजे मेंढरं घेऊन फिरणारे धनगर. ‘चराई बंद’ हा आपल्याकडचा संवर्धनाचा एकमेव मंत्र आहे. विणीच्या महिन्यांत मेंढरं आत नकोत, हे कबूल. पण माळ बारमाही बंद ठेवला तर गवत माजतं, वाळतं, वणव्याचं सरपण होतं, आणि खुरटी झुडपं दाटून माळाचा माळपणा जातो. जेर्डनच्या धाविकाच्या अभ्यासातूनही तेच पुढे आलं: त्याला झुडपांच्या मधे उघडी जमीन लागते, आणि हलकी चराई ती उघडी ठेवायला मदत करते, अतिचराई मात्र रानच संपवते. हे प्रमाण कोणाला कळतं? पिढ्यान्पिढ्या कोणत्या माळावर कोणत्या महिन्यात किती मेंढरं सोडायची हे ठरवत आलेल्या माणसाला. 2006 च्या वनहक्क कायद्यात चराईच्या हक्काची तरतूद आहे. आळीपाळीने, महिने ठरवून, पास देऊन चराई सुरू केली तर राखणही आपोआप होते. मेंढराच्या वाड्यावर झोपणाऱ्या माणसाच्या नजरेतून रात्री माळावर आलेली जीप सुटत नाही.

तेव्हा मागण्या सरळ आहेत. खासगी शेतं गटनिहाय पाहून हद्दीतून वगळण्याचा प्रस्ताव राष्ट्रीय वन्यजीव मंडळापुढे न्यावा. सरकारी माळाची एक इंचही जमीन त्या बदल्यात सोडू नये, आणि जिथे शक्य आहे तिथे दोन तुकड्यांमधलं गायरान संवर्धन राखीव म्हणून जोडून घ्यावं. माळावरचं गिरीपुष्प टप्प्याटप्प्याने काढावं आणि नव्या लागवडीचे खड्डे बंद करावेत. माळावरून जाणाऱ्या विजेच्या तारा जमिनीखाली घ्याव्यात. माळढोक नसला तरी मोठे गरुड त्यांच्यावर आपटतातच. चराईचे पास द्यावेत. आणि दरवर्षीच्या मोजणीत माळढोकाच्या रकान्याबरोबर खोकड, लांडगा, धाविक, भोवत्ये यांचेही रकाने जाहीर व्हावेत, म्हणजे शून्याची बातमी छापताना शेजारचे आकडेही छापावे लागतील.

यातलं काहीही वेगवेगळ्या बैठकांत घेऊ नये, एवढी मात्र अट आहे. वेगवेगळं घेतलं तर हद्द कमी करण्याचा विषय तेवढा झटपट पुढे जाईल, कारण त्याला गिऱ्हाईक उभं आहे. गिरीपुष्प काढायला आणि धनगराला पास द्यायला मंत्रालयात हेलपाटे घालणारं कोणी नाही.